जावईबापूंचा चौक

बाईंचा जावई रस्तेखात्यात इंजिनियर होता आणि त्याचं कौतुक ऐकून ऐकून बाईंचे कान किटले होते. कालव्याकाठची चालणाऱ्यांची आणि सायकलवाल्यांची वाट जिथे हमरस्ता ओलांडते, तो चौक त्यानेच नव्याने बांधला होता. उद्घाटनाला फीत कापली, फोटो निघाले, टाळ्या झाल्या आणि जमलेली सगळी मंडळी आपापल्या गाडीत बसून घरी गेली. रस्ता पायी ओलांडून पाहावा, असं त्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही.

बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. शेजारीपाजारी, दुकानदार, सगळे त्यांना बाईच म्हणत. चालताना गुडघे बोंब मारत, पण पायडल मारताना गप्प बसत, म्हणून बाईंनी तीनचाकी सायकल घेतली होती. मागे दोन चाकं आणि त्यांच्यामध्ये मोठी टोपली. रोज सकाळी त्या तीनचाकीवरून चौकापलीकडे थोरल्या बहिणीकडे जात. थोरलीला आता जवळजवळ दिसत नव्हतं. बाई तिला वर्तमानपत्र वाचून दाखवत आणि मग दोघी मिळून जगाला शिव्या घालत. थोरलीचा दिवस त्यावर निघे आणि खरं सांगायचं तर बाईंचाही.

आता या चौकातली अक्कल ऐका. बटण दाबून हिरवा दिवा लागला की निघायचं. अर्धा रस्ता होतो न होतो तोच तो गुल. मग रस्त्याच्या मधोमध बांधलेल्या बेटावर थांबून दुसरं बटण दाबायचं. ते बटण अशा जागी, की सायकलवरून उतरल्याशिवाय हात पोचत नाही. आणि बेट तरी केवढं? पुढचं चाक एका कडेला टेकवलं तरी बाईंची टोपली मागे रस्त्यातच. गाड्यांना मात्र वळायला ऐसपैस गोलाई दिलेली. बिचाऱ्यांना वेग कमी करायचे कष्ट पडायला नकोत ना!

एके दिवशी एका टेम्पोने ती टोपली उडवली. बाई वाचल्या. लेकीने रडून घर डोक्यावर घेतलं आणि जावई, म्हाताऱ्या माणसांसाठी राखून ठेवलेल्या त्या मऊ आवाजात, म्हणाला की तीनचाकी विकून टाकू, मावशींकडे मी दर रविवारी सोडत जाईन.

रविवारी! बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. तुम्ही तो रस्ता कधी पायी ओलांडलाय का, असं त्यांनी विचारलं. त्यावर जावयाने सांगितलं, की कॉम्प्युटरवर तो चौक त्याने चारी बाजूंनी फिरवून पाहिलाय.

"मग एकदा माझ्याबरोबर चला," बाई म्हणाल्या. "ओलांडून झाल्यावरही विका म्हणालात, तर विकते."

बोलून गेल्या खऱ्या, पण आता माघार नव्हती. दिलेला शब्द फिरवायचा नाही, ही शेखी त्यांनी जन्मभर मिरवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावई कडक इस्त्रीत आला. गाडी त्याने चौकाच्या अलीकडेच लावली. बाईंनी नवी टोपली बसवलेली तीनचाकी त्याच्या ताब्यात दिली आणि स्वतः काठी टेकत शेजारून निघाल्या. बेटाशी पोचेपर्यंत हिरवा दिवा गेला. टोपली रस्त्यात राहिली. तेवढ्यात मागून एक ट्रक हॉर्न ठोकत इतका जवळून गेला, की जावयाच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने टुणकन उडी मारली आणि सिग्नलच्या खांबाला मिठी घातली. तीनचाकी आणि सासू, दोन्ही तिथेच सोडून. तीनचाकी बाईंनी ओढून घेतली, बटणही बाईंनीच दाबलं.

पलीकडे पोचल्यावर जावयाने आधी शर्ट नीट केला. मग म्हणाला, "आई, मी म्हणतच होतो. ही सायकल फार लांब आहे. विकाच."

कॉपीचा कागद हातात असताना नाही म्हणणारी पोरं बाईंनी पुष्कळ पाहिली होती. पण ती निदान मान खाली घालायची.

"बरं," बाई म्हणाल्या. "मग आता ही तुमची. घेऊन जा घरी."

जावयाने तीनचाकीकडे पाहिलं, मग चौकाकडे पाहिलं. समोर, हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर, त्याची स्वतःची गाडी उभी होती. त्याने खिशातून फोन काढला आणि बायकोला तिची गाडी घेऊन बोलावलं.

लेक धावतपळत आली. तीनचाकी आधी डिकीत, मग मागच्या सीटवर कोंबून पाहण्यात आली. ती कशीच मावेना. लेकीची नजर पलीकडे उभ्या असलेल्या नवऱ्याच्या गाडीवर गेली.

"ती तर समोर आहे. तुम्ही चालत का नाही गेलात?"

"ऊन आहे," जावई म्हणाला.

लेक त्याच्याकडे बघत राहिली. लग्न झाल्यापासून तिने नवऱ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. मग तिने धाडकन डिकी बंद केली आणि म्हणाली, "आईची सायकल आईकडेच राहील. विषय संपला."

थोरली वाट बघत असणार, म्हणून बाईंनी तीनचाकी घेतली आणि त्या वाटेला लागल्या. जिंकल्याचा आनंद काही होईना. दुपारी ह्याच चौकातून परत यायचं होतं आणि त्यांना भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती. हे ज्याला सांगायला हवं, तो बायकोच्या गाडीत बसून काच वर करत होता.