फोकस पळवणारी खिडकी

मिग्लेना टाइप करता करता थबकली की समजावं, तिची अक्षरं पुन्हा वाऱ्यावर गेली. प्लोव्हदिव शहरातल्या त्या इस्पितळात फोनवरून रुग्णांच्या वेळा नोंदवायचं काम ती कित्येक वर्षं करत होती. तिला दिसत नव्हतं. पडद्यावरचा मजकूर संगणक तिच्या कानात वाचायचा, आणि कीबोर्डवर बोटं अशी चालायची की डोळसांनी बघत राहावं. नवं सॉफ्टवेअर आलं आणि घोळ झाला. मध्येच दुसरा फोन आला की सूचनेची खिडकी उघडायची, मिटायची, आणि फोकस, म्हणजे दाबलेली कळ कुठल्या चौकटीत उमटेल हे ठरवणारा ताबा, कुठे गडप व्हायचा कोण जाणे. डोळस माणूस माउसने टिचकी मारून मोकळा. हिने काय करायचं? शुक्रवारपर्यंत सुधारलं नाही तर हिला धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालायला पाठवू, असं इस्पितळाने सांगून टाकलं होतं.

सॉफ्टवेअर तपासणारी रालित्सा ते ऐकून पेटलीच. प्रोग्रॅम लिहिणारा झाप्रियान मात्र थंड. चीज भरलेला पापुद्रेदार बनित्सा चघळत म्हणाला, माझ्या मशीनवर असलं काही होत नाही. तो खोटंही बोलत नव्हता. ऐन जागी प्रोग्रॅम थांबवून तो आत डोकावायचा, पुन्हा चालू करायचा, की फोकस शहाण्या बाळासारखा जागेवर! गुरुवार उजाडला तरी हेच. रालित्साचं डोकं फिरायची वेळ आली, पण हार मानेल तर ती रालित्सा कसली.

ती त्याच्या खुर्चीमागे उभी राहून नुसती बघत राहिली. प्रोग्रॅम थांबला की झाप्रियानची तपासणीची खिडकी पुढे यायची आणि फोकस तिच्याकडे जायचा. तिथून परतताना संगणकच त्याला जागेवर आणून सोडायचा.

"अहो, तुम्ही बघायला जाता म्हणून तो सुधारतो," ती म्हणाली. "थांबवूच नका. फोकस कुणाकडे गेला ते प्रोग्रॅमलाच लिहीत जाऊ दे."

झाप्रियानचा घास तोंडातच राहिला. मग मात्र तो कामाला भिडला. प्रोग्रॅमने लिहिलेलं वाचलं, तेव्हा चोर सापडला. खिडकी मिटायची त्याच क्षणी नावाची चौकट जतन होण्यासाठी कुलूपबंद असायची. फोकस दारावरून परत फिरायचा आणि हरवायचा. चौकटीचं कुलूप उघडेपर्यंत फोकसने थांबावं अशी सोय झाप्रियानने केली आणि झालं म्हणून हात झटकले.

रालित्साने त्याचा माउस खणात टाकला, पडदा बंद केला आणि म्हणाली, "आता घाला एक नोंद."

खिडकी आली आणि झाप्रियान नावाच्या मधोमध अडकला. खिडकी उघडी असेपर्यंत फोकस तिच्याकडेच होता, निम्मं नाव तिने गिळलं होतं. त्याचे कान लाल झाले. "पोरी, या खिडकीला फोकस द्यायचाच कशाला?" असं पुटपुटत त्याने ती वाटच बंद केली. खिडकीने आता नुसतं कानात सांगायचं, अंगावर यायचं नाही.

शुक्रवारी दोघं मिग्लेनाच्या टेबलापाशी उभी राहिली. ती एका म्हातारीचं लांबलचक आडनाव टाइप करत होती. कानात सूचना वाजली. सवयीने तिची बोटं वर उचलली गेली. मग तिने हळूच एक कळ दाबली. संगणकाने ते अक्षर उच्चारलं. पुढचंही उच्चारलं. आडनाव पुरं झालं.

"खिडकी कुठेय?" तिने विचारलं.

"समोरच उघडी आहे," झाप्रियान म्हणाला.

"मग असू दे," मिग्लेना म्हणाली आणि पुढचा फोन घेतला.