चार नंबरचा बिल्ला

विसरभोळ्या माणसांचा मला पहिल्यापासून राग. चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणारा, सही करून तारीख न टाकणारा, असल्या माणसाने इंजिनाच्या आसपास फिरकू नये, हे मी चारचौघांत ऐकवत आलो. माझं काम इंजिनं तपासायचं. दुरुस्तीहून आलेलं इंजिन आधी मी रिकामं पळवून बघतो. धावतं कसं, थांबतं कसं, कुठे कुरकुरतं. माझी सही पडली की मगच ते गाडीला लागतं. एकोणीस वर्षं हेच केलं. कुठल्या इंजिनाचा कुठला पाइप कधी बदलला ते मला तोंडपाठ, म्हणून शेडमध्ये मला टेपरेकॉर्डर म्हणतात. एकदा सुरू झाला की बंद होत नाही, हेही त्यात आलं. तोंडावर कुणी बोलत नाही इतकंच.

त्या दिवशी पहाटेची पाळी संपवून मी घरी आलो, अंघोळ केली आणि खायला बसलो. बायको कपडे मशीनमध्ये टाकत होती. माझ्या कामाच्या पँटचे खिसे उलटे करताना तिच्या हाताला काहीतरी लागलं.

"अहो, हे काय आणलंत? पितळेचं दिसतंय," म्हणत तिने ते माझ्या ताटाशेजारी ठेवलं.

चार नंबरचा बिल्ला होता. हातातला घास मी परत ताटात ठेवला.

इंजिनाला पुढची चाकं आणि मागची चाकं अशा दोन जोड्या असतात. ब्रेक हवेच्या दाबाने लागतात. दोन्हींचे ब्रेक वेगवेगळे तपासायचे, तर एकीची हवा तोडावी लागते. त्यासाठी इंजिनाच्या पोटाखाली पाइपवर कॉक असतो, म्हणजे हवेची तोटी. दांडा पाइपच्या रेषेत असला की उघडा, आडवा केला की बंद. हा तपास सगळ्यात शेवटी, इंजिन परत शेडमध्ये आणून उभं केल्यावर करायचा. आता बंद केलेला कॉक उघडायचा राहू नये, म्हणून एक पद्धत आहे. फोरमनच्या खोलीत भिंतीवर एक फळी आहे, तिच्यावर प्रत्येक कॉकच्या नंबरचा बिल्ला खिळ्याला टांगलेला असतो; कॉक बंद करताना तो काढून खिशात टाकायचा. उघडला की बिल्ला परत खिळ्यावर. खिळा रिकामा, म्हणजे कुठेतरी कॉक बंद आहे. ही पद्धत मीच घालून दिली होती. नव्या लोकांना शिकवताना म्हणायचो, डोक्यावर भरवसा ठेवू नका, खिळ्यावर ठेवा. स्वतःच्या डोक्याबद्दल अर्थात मी बोलत नव्हतो.

चार नंबर म्हणजे पुढच्या चाकांचा कॉक.

"काय झालं? तोंड असं का केलंत?" बायकोने विचारलं.

"काही नाही. बिल्ला लावायचा राहिला."

मी डोळे मिटून सकाळ आठवायला लागलो. इंजिनाखाली वाकलो, दांडा आडवा केला, वर येऊन ब्रेक लावून पाहिला. मग कुणीतरी हाक मारली होती. कागद तयार आहेत, सही करा, गाडीला उशीर होतोय. मी परत खाली वाकलो होतो का? वाकलो होतो. गार लोखंडी दांडा मला हातात लख्ख जाणवत होता. पण तो आजचा होता की कालचा? की एकोणीस वर्षांतल्या हजारांतला कुठला तरी? जितकं आठवावं तितकं ते हातातून निसटत होतं.

घड्याळात दहा पंचवीस झाले होते. गाडी दहा दहाला सुटलेली. दहा पन्नासला डोंगराच्या अलीकडच्या स्टेशनात थांबणार आणि तिथून पुढे अकरा किलोमीटर सलग उतार. डब्यांना त्यांचे ब्रेक असतात, नाही असं नाही. पण सव्वाशे टनांचं इंजिन अर्ध्या ब्रेकवर उताराला लागलं की तो सगळा भार डब्यांवर येतो. त्यांचे ब्रेक तापतात, आणि तापले की पकड सोडतात. समोरच्या गेजवर ड्रायव्हरला काही कळणार नाही, कारण ते गेज मागच्या चाकांचा दाब दाखवतं. आणि ड्रायव्हर होती माझ्या धाकट्या भावाची मुलगी. घरात आम्ही तिला भिंगरी म्हणतो. सकाळी इंजिन ताब्यात घेताना म्हणाली होती, "काका, तुम्ही सही केलेलं इंजिन म्हणजे डोळे मिटून न्यावं."

"उघडला असणार मी," मी मोठ्याने म्हणालो. "हात आपोआप करतो ते. बिल्ला तेवढा राहिला."

खरं सांगतो, तेव्हा मला गाडीपेक्षा फोनचीच भीती जास्त वाटत होती. फोन करायचा म्हणजे सांगायचं, मला आठवत नाही. हे तीन शब्द आमच्या घरात फार वाईट आहेत. माझे वडील तेच बोलायला लागले होते. आधी किल्ल्या, मग रस्ता, मग एके दिवशी बूट पाण्याच्या पिंपात. शेवटी शेवटी मला अहोजाहो करून विचारायचे, आपण कोणाकडे आलात? तेव्हा त्यांचं वय माझ्या आजच्या वयाहून फक्त चार वर्षांनी जास्त होतं.

बायको समोर येऊन बसली. ओले हात तिने पदराला पुसले, पुन्हा पुसले.

"फोन करा," ती म्हणाली.

"अगं, उघडला असेल म्हणतोय ना! उगाच गाडी थांबवायची, सगळ्या शेडमध्ये शोभा करून घ्यायची..."

"तीन महिने मी तुमच्या मागून गॅस बंद करतेय."

"काय?"

"दार लावतेय. नळ बंद करतेय. परवा तुम्ही दुकानातून हात हलवत परत आलात, मग मी जाऊन पिशवी घेऊन आले. तुम्हाला कशाला बोलून दाखवायचं, म्हणून गप्प बसले." तिने ताटाशेजारचा बिल्ला माझ्यापुढे सरकवला. "घरात तुमच्या मागे मी आहे हो. तिथे कोण होतं?"

तिच्यावर ओरडावंसं वाटलं. तोंडही उघडलं. पण गॅस मी बंद केला होता अशी एकही सकाळ मला आठवेना.

मी गाड्यांच्या कंट्रोलला फोन लावला. नंबर दोनदा चुकला. गाडी पुढच्या स्टेशनात थांबवा, म्हणालो, ड्रायव्हरला खाली उतरून चार नंबरचा कॉक बघायला सांगा. मला खात्री नाही. पलीकडचा माणूस म्हणाला, "टेपरेकॉर्डरला खात्री नाही? बरं आहे ना सगळं?" आणि हसला. मी फोन ठेवला.

पुढची पंचवीस मिनिटं कशी गेली ते विचारू नका. मी देवाला मानत नाही, पण कोणाकडे तरी काहीतरी मागत होतो. बायको मशीन सुरू करायचं विसरून तिथेच बसली होती. एरवी मी तिला टोमणा मारला असता. रस्त्यावर कुणाची गाडी कर्कश थांबली, तरी दोघंही दचकलो.

दहा त्रेपन्नला फोन वाजला. कंट्रोलचा होता.

"झोपा आता निवांत. ड्रायव्हर म्हणतेय, कॉक उघडाच होता. गाडी सोडतोय."

जीव भांड्यात पडला. मी बायकोकडे पाहून हसलो, ती रडायला लागली, मी म्हणालो, बघ, सांगत होतो ना, हात आपोआप करतो ते! गार झालेलं ताट ओढून मी दोन घास खाल्लेसुद्धा. तिसऱ्या घासाला परत फोन वाजला.

"काका." भिंगरी होती. कुजबुजत होती. गाडीत असताना ती कधी फोन करत नाही, म्हणून मी घड्याळ पाहिलं.

"तू गाडी चालवत नाहीयेस ना?"

"सिग्नलला उभी आहे अजून. काका, बंद होता."

मी ताट बाजूला सरकवलं.

"आडवा होता पूर्ण. मी उघडला, दोनदा ब्रेक लावून बघितला, आता सगळं ठीक आहे. कंट्रोलला सांगितलं उघडाच होता, नोंदही तशीच केलीय. कुणाला कळणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. होतं एखाद्या वेळी, काका. तुमच्यासारख्या माणसाने..." ती थांबली. "काका, ऐकताय ना?"

ऐकत होतो. मला दिसत होता तो उतार. मधलं वळण, त्याच्या खाली पूल. आणि मला हेही कळत होतं की मी गप्प बसलो, तर उद्या सातला माझ्यापुढे दुसरं इंजिन उभं असेल, माझी सही पडेल, आणि त्याच्यावर भिंगरी नसेल. दुसऱ्या कुणाची तरी असेल.

"पोरी," मी म्हणालो, "शेडमध्ये पोचायला मला वीस मिनिटं लागतात. मी फोरमनला खरं सांगणार आहे. त्याच्या आत तू कंट्रोलला सांग आणि नोंद दुरुस्त कर. माझ्यासाठी खोटं लिहू नकोस."

"काका, ते तुम्हाला काढतील!"

"काढू देत. सिग्नल बघ."

बिल्ला मुठीत धरून मी चालत निघालो. बायको सोबत आली, कशाला म्हणून मी विचारलं नाही. नेहमीच्या वळणाला मी पळभर थबकलो, डावीकडे की उजवीकडे. तिने माझा दंड धरला आणि उजवीकडे वळवलं. ती शेडच्या फाटकाशी थांबली.

फोरमनने फोन नुकताच खाली ठेवला होता. त्याच्या चेहऱ्यावरूनच कळलं, पोरीने ऐकलं होतं. मी बिल्ला टेबलावर ठेवला.

"मला तपासणीवरून काढा," मी म्हणालो. "मला विसर पडतो. आजचंच नाही, तीन महिने झाले. मला आज कळलं."

मला वाटलं होतं तो ओरडेल. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने खुर्ची पुढे केली, पाण्याचा ग्लास सरकवला आणि भिंतीवरच्या फळीकडे बघितलं. चार नंबरचा खिळा सकाळपासून रिकामा होता, दारातून येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांच्या समोर.

"तुमची सही असली की फळी कोण बघतं?" तो हळूच म्हणाला. मग त्याने कपाटातून रजिस्टर काढलं. "तीन महिने म्हणालात?"

"हो."

त्याने पानं मागे उलटली. बोट वरून खाली नेत तो मोजत होता. प्रत्येक ओळीला माझी सही, तारीख, वेळ. अक्षर कुठेही हललेलं नव्हतं.

"एकसष्ट इंजिनं," तो म्हणाला. मग त्याने फळीकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा जरा सैल झाला. "पण त्यांचे बिल्ले जागेवर आहेत की. चार सोडला तर सगळे खिळे भरलेले आहेत."

"बिल्ले मीच लावलेत," मी म्हणालो. "कॉक उघडून लावले की नुसतेच, ते मला आठवत नाही."

त्याने रजिस्टर जवळ ओढलं, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि रिसीव्हर उचलला. इंजिन कुठे आहे, कुठली गाडी घेऊन चाललंय, तो विचारत होता. मी समोर बसून ऐकत होतो.