गाळ धुणाऱ्या चाळणीचा संशय

मित्रांनो, मी प्रयोगशाळेतली एक जुनी, पितळी काठाची चाळणी आहे. आधीच सांगते, माझा स्वभाव संशयी आहे. माझ्या जाळीची भोकं अर्ध्या मिलिमीटरची. कोणाला अडवायचं आणि कोणाला सोडायचं, यातच आयुष्य गेलं. मग दुसरं काय होणार!

बोटीवरचा लोखंडी पंजा खाडीच्या तळातून गाळ उपसून आणतो. प्रयोगशाळेतले मदतनीस काका तो माझ्यावर ओतून नळाखाली धुतात. चिखल वाहून जातो आणि माझ्यावर उरतात लांबुडके किडे, इवले इवले शिंपले. संशोधक बाई ते भिंगाखाली मोजतात. किडा तुटलेला असेल तर डोकं सापडलं तरच तो एक धरायचा, असा त्यांचा नियम. हे किडे बिळं करून गाळात हवा खेळवतात, कुजलेलं खाऊन टाकतात आणि शेवटी माशांच्या पोटात जातात. पूर्वी बाई मला उचलून म्हणायच्या, "हिच्या नजरेतून काही सुटत नाही हं!" मी फुगून जायचे.

यंदा मात्र खाडीतल्या किड्यांची संख्या घटतच गेली. अहवालात 'तळ निर्जीव' असं लिहिलं, की बंदरातून उपसलेला सगळा गाळ तिथेच ओतायची परवानगी मिळणार होती.

मला संशय आला तो काकांचा. नळ केवढा सोडतात, गाळ बोटांनी चेपतात, लक्ष कुठे असतं देव जाणे! बाईंनाही तसंच वाटलं. "काका, जरा हळू हो! सगळे किडे चिरडताय तुम्ही." काकांनी नळ बारीक केला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

अहवालावर सही व्हायची होती, त्या सकाळी काकांनी माझ्याखालून जाणारं पाणी बादलीत धरलं, मलमलच्या फडक्यातून गाळलं आणि फडकं बाईंपुढे पसरलं. त्यावर किडे वळवळत होते, चांगले डोक्यासकट.

बाईंनी मला खिडकीशी धरलं. काठाजवळ जाळी नखभर उसवली होती.

"अगं बाई!" त्यांनी फटीत नख घालून पाहिलं. "काका, मी उगाच बोलले हो तुम्हाला."

"असू दे. आधी तो कागद फाडा."

बाईंनी कागद फाडला. खाडीतला गाळ पुन्हा तपासायचं ठरलं आणि माझी रवानगी कपाटात झाली.

मित्रांनो, तुम्हाला म्हणून सांगते. त्या फटीतून पाणी निसटताना मला कित्येक महिने जाणवत होतं. तरी मी काकांवरच डोळा ठेवून बसले. आता माझ्या जागी नवी चाळणी आली आहे. तिच्यावरही विश्वास ठेवू नका. रोज वापरण्याआधी तिला उजेडासमोर धरा. ती आपणहून कबूल करायची नाही.