खोटा ठोका

"इंजिनाला कोणी हात लावलेला नाही." हे वाक्य ज्याने शोधून काढलं, त्याला एकदा माझ्या गॅरेजमध्ये पाठवा. मी त्यावर विश्वास ठेवला आणि दोन दिवस मातीत घातले.

वाक्य दीपकचं. दीपक माझा शाळेतला दोस्त, बोटीवर नोकरीला. रजेवर आला तेव्हा बायको तेजस्वीसाठी जुनी पेट्रोल गाडी घेऊन आला. त्याच्या आईला, चिमाकाकीला, साखरेचा आजार. पायाची जखम भरत नाही, सारखं ड्रेसिंगला खेडला यावं लागतं. घर मंडणगडच्या बाजूला, डोंगरावरच्या वाडीत. एसटी खाली फाट्याला सोडते आणि तिथून वर अशी चढण की धडधाकट माणसाचा दम निघतो. दीपकने ठरवून टाकलं होतं, गाडी चढण चढली तर आई घरी राहील. नाहीतर बोटीवर जायच्या आधी तिला धाकट्या भावाकडे, दर्शनकडे, डोंबिवलीला सोडणार. डोंबिवलीचं नाव काढलं की काकीला घास जात नव्हता.

गाडी आली तेव्हा चढली. मग एके दिवशी अर्ध्या चढणीवर हातपाय गाळले. म्हणून मी खेडहून लॅपटॉप घेऊन फाट्यावर हजर.

सांगतो काय भानगड होती. पेट्रोल वेळेआधी भडकलं की इंजिन आतून ठोकतं. तो ठोका ऐकायला इंजिनावर एक सेन्सर असतो. त्याने ऐकलं की गाडीचा कॉम्प्युटर घाबरून ठिणगी उशिरा टाकतो. इंजिन वाचतं, पण जोर जातो. स्क्रीनवर ठोकेच ठोके. मी ठिणगीचं टायमिंग लॅपटॉपवरून आणखी मागे घेतलं, म्हणजे ठिणगी अजून उशिरा. ठोके तेवढेच! आणखी मागे घेतलं. गाडी पार मेली, ठोके तेवढेच! प्लग बदलले, पेट्रोल उपसून ताजं भरलं. छे! ठोके कमी व्हायचं नाव नको.

"स्वरूप, काय रे झालं?" दर पाच मिनिटांनी दीपक.

"काही नाही. ही विक आणि म्हैस घे. निदान चढण तरी चढेल."

दुसऱ्या दिवशी ड्रेसिंग करून आलेली काकी एसटीच्या निवाऱ्यात पाय लांब करून बसली होती, शेजारी तेजस्वी.

शेवटी चिडून गाडी जागेवरच न्यूट्रलला ठेवली आणि रेस दिली. ओझं नाही, चढ नाही, तरी तेवढ्याच रेसला तोच ठोका. मी कपाळावर हात मारला. खरा ठोका असता तर टायमिंग मागे घेतल्यावर कमी नसता झाला? आत काही भडकतच नव्हतं. बाहेर कुठेतरी लोखंड वाजत होतं आणि सेन्सर त्यालाच ठोका समजत होता. हे मला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं.

टॉर्च घेऊन बोनेटमध्ये पार आत वाकलो. सेन्सरच्या शेजारच्या बोल्टला, तारेने आवळलेली, हळदकुंकू लावलेली घोड्याची नाल!

"दीपक! कोणी हात लावला नाही ना?"

"अरे, हात कुठे लावला? पूजा केली!"

आता बोला.

"मीच बांधून घेतली, गंगाराम वायरमनकडून," काकी म्हणाली. "सून एकटी घाटात गाडी चालवनार. देवलात गाऱ्हाना घातला, कौल उजवा झाला. गुरव बोलला, इंजिनालाच बांद."

माझा पारा चढला. "काकी, ही नाल वाजते म्हणून गाडी चढत नाही! ही राहिली तर तू डोंबिवलीला जाशील, कळतंय का?"

काकीने मान खाली घातली. मला वाटलं, झालं, पटलं.

"मग ऱ्हाऊ दे ती," ती म्हणाली. "मी जातंय डोंबिवलीला. पोरगी सुकरूप ऱ्हायला होवी."

मी तार तोडायला पक्कड उचलली. आणखीच राग आला होता, कोणावर ते माहीत नाही.

तेजस्वी उठली, माझ्या हातातली पक्कड घेतली आणि बोनेटमध्ये वाकून तार तोडली. नाल सासूच्या ओटीत घातली.

"आई, तुम्हीच गेलात तर मी ह्या घाटात गाडी चालवायची कोणासाठी? ही धरा आणि पुढे बसा."

मी टायमिंग होतं तिथे आणलं. रेस दिली. स्क्रीनवर ठोका नाही. तेजस्वीने पहिला गिअर टाकला, काकी बाजूला, आम्ही दोघे मागे. वळणावर मी दात आवळून धरले होते, पण गाडी न कुरकुरता वर गेली, थेट अंगणात.

दीपकने उतरल्याउतरल्या डोंबिवलीला फोन लावला. "दर्शन, आईचं असं झालंय..."

काकीने फोन हिसकावला. "मी येत नाय रे. तूच ये घरी."