मांडीला बांधलेला दोर

अर्धा किलो! बुधाजीचा सगळा राग त्या अर्ध्या किलोवर होता. तीस वर्षं रेवदंड्याच्या वाड्यांमधून माड चढलेला माणूस, आणि त्याच्या पायाला बांधायचं काय, तर वाळूची एवढीशी पिशवी. बरं, तीही उचलताना घाम फुटायचा, हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

भाद्रपदात शेवाळलेल्या माडावरून उतरताना त्याचा पाय सटकला. दोन पुरुष उंचीवरून पडला, म्हणजे तसा थोडक्यात वाचला, पण उजव्या गुडघ्याची वाटी फुटली. अलिबागला तार घालून ती जोडली. हाड जुळलं, मांडी मात्र पडून पडून वाळली. डावीच्या शेजारी ती दुसऱ्याच कुणाची तरी वाटायची. त्याची बायको गोदू रोज तिला तेल चोळायची, पण चोळताना बघायची भिंतीकडे.

वाडीचे मालक दिनानाथशेठ एकदा घरी येऊन गेले. "शिमग्यापर्यंत थांबतो, बुधाजी. मग मात्र मला दुसरा माणूस बघावा लागेल." इतक्या गोडीत बोलले की उलटून बोलायचीही चोरी झाली. बुधाजीला माडाशिवाय दुसरं काही येत नव्हतं आणि या वयात नवं काही शिकायची त्याची तयारीही नव्हती. शिमग्याआधी पाय उभा राहायलाच हवा होता.

म्हणून दर सोमवारी आणि गुरुवारी नवरा-बायको रिक्षाने अलिबागला जायची, प्रज्ञा मॅडमकडे. मॅडम फिजिओथेरपीवाल्या. सकाळी आठपासून लोकांचे खांदे-गुडघे वळवून त्यांचा स्वतःचा चेहरा उतरलेला असायचा, आणि टेबलावरच्या चहावर साय धरलेली असायची. पहिल्या दिवशी त्यांनी कागद पुढे ओढून विचारलं, "काका, पाय बरा झाला की काय करायचंय?"

"माड चढायचाय," बुधाजी म्हणाला. मॅडमनी तसंच लिहून घेतलं. गोदू दाराजवळच्या स्टुलावर बसली होती.

मग त्यांनी मांडीच्या वरच्या अंगाला एक रुंद पट्टा गुंडाळला, ब्लडप्रेशर बघताना दंडाला बांधतात तसला. घोट्यापाशी एक यंत्र टेकवून त्या नाडी ऐकत राहिल्या आणि पट्ट्यात हवा भरत गेल्या. नाडी किती दाबाला बंद होते ते बघितलं आणि पट्ट्यातला दाब त्याच्या बराच खाली आणून ठेवला.

"गुडघा अजून जड वजन सोसणार नाही, आणि जड वजनाशिवाय मांडी भरत नाही. म्हणून हा पट्टा. रक्त आत जातं, पण परत निघताना अडखळतं. मांडीला वाटतं, आपण मोठं ओझं उचलतोय."

"म्हंजे तिला फसवायचं?"

"तसंच समजा."

हे बुधाजीला आवडलं. पण तीस वेळा पाय उचलून झाला, मग पंधरा, मग पुन्हा पंधरा, तेव्हा मांडी अशी पेटली की त्याने मॅडमच्या सात पिढ्या मनातल्या मनात उद्धारल्या. शेवटचे पंधरा त्याने डोळे मिटून काढले. परतीच्या रिक्षात तो मेल्यासारखा झोपला.

असे पाच आठवडे गेले. एका गुरुवारी मॅडमनी मांडीला टेप लावली आणि म्हणाल्या, "दीड सेंटिमीटर भरलीय."

पाच आठवड्यांत दीड! शिमगा दोन महिन्यांवर आला होता. आठवड्यातून दोनदा करून एवढं, तर रोज केलं तर किती? आणि त्या पट्ट्याला काय सोनं लागलंय? आवळायचंच तर आहे. आवळण्यातलं ज्याला कळतं असा अख्ख्या रेवदंड्यात आपण एकच, असं बुधाजीचं प्रामाणिक मत होतं.

दुसऱ्या दिवशी गोदू मासळी आणायला बाजारात गेली, तसा त्याने खुंटीवरचा दोर काढला. स्वतः वळलेला काथ्याचा दोर. माडाच्या शेंड्याशी पोचलं की हाच दोर कमरेला आणि खोडाला बांधून तो नारळांची पेंड तोडायचा. मांडीवर पंचाची घडी ठेवली, वर दोराचे दोन वेढे दिले, आणि हाताने न विचारता आपली रोजची गाठ मारून टाकली. वजन पडेल तशी आवळत जाणारी गाठ. तिच्या जिवावर तो इतकी वर्षं वर राहिला होता.

तीस झाले. मांडी झकास पेटली. पंधरा झाले. दर वेळी मांडी फुगायची आणि गाठ आणखी आत रुतायची. पुढचे पंधरा काही झाले नाहीत. पाऊल गार पडलं, जांभळं झालं, आणि मग त्याचं काही कळेचना. बुधाजीने गाठीला नखं लावली. ती गाठ सुटते ती ओझं उतरल्यावर, आणि इथे ओझं म्हणजे त्याचीच मांडी होती.

कोयता हाताशी होता. त्याने तो उचलला आणि खाली ठेवला. दोर कापला की माड गेला, असं काहीतरी त्याच्या डोक्यात घट्ट बसलं होतं. पुन्हा नखं लावली. पुन्हा कोयता उचलला, पुन्हा ठेवला. पाऊण तास त्याने असा घालवला.

गोदू आली. तिने पिशवी टाकली, चुलीजवळची पळी आणली, दोराखाली सरकवली आणि पळीवर कोयता चालवला. दोन घावांत दोर तुटला. मग ती भिंतीला टेकून खाली बसली.

"पाऊल वर करा," दुपारी अलिबागला प्रज्ञा मॅडम म्हणाल्या. पाऊल लोंबकळत राहिलं. मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. त्या ओरडल्या असत्या तर बुधाजीला बरं वाटलं असतं.

"काका, मी नाडी ऐकून पट्टा भरते. तुमच्या दोराला नाडी ऐकू येते का?" पाऊल हातात घेऊन त्या म्हणाल्या, "पाऊल उचलणारी शीर दबलीय. बहुतेक येईल परत, पण कधी ते आज सांगता येत नाही. डॉक्टरांनाही दाखवून घेऊ. तोवर पट्टा बंद."

"आनि शिमगा?"

"शिमगा विसरा."

"पर कागदावर लिवलंय तुमी," बुधाजीचा आवाज चढला. "माड चढायचाय म्हनून लिवलंय!"

"त्यांचं लिवलंत," स्टुलावरून गोदू म्हणाली. पाच आठवड्यांत ती इथे पहिल्यांदा बोलत होती. "मला कोनी इचारलं न्हाय. तीस वर्सं हे वर आनि मी खाली, मान वर करून. हे उतरंस्तवर घोट गिळवत न्हाय. माज्या मानंला हाय काय पट्टा, बाय?"

बुधाजी बायकोकडे बघत राहिला. ती माडाखाली यायची हे त्याला ठाऊक होतं. पण ती नारळ गोळा करायला येते, असं तो तीस वर्षं समजून चालला होता.

त्याला लाज वाटली. माड सुटण्याचं दुःखही झालं. दोन्ही एकदमच आलं, आणि आता त्याला फार दमल्यासारखं वाटलं.

"खोडा ते," तो म्हणाला.

"मग काय लिहू?"

"बाजारापत्तुर चालत जायचंय. हिच्यासंगं."

मॅडमनी खोडलं आणि लिहिलं. आज पट्टा नव्हता, वाळूची पिशवीही नव्हती. नुसता पायाचा अंगठा वर उचलायचा प्रयत्न करायचा होता. ज्या अर्ध्या किलोचा एवढा राग होता, तोही हातचा गेला.

गोदूने स्टूल त्याच्या पायाशी ओढलं आणि मान खाली घालून अंगठ्याकडे बघत बसली.

"एक," ती म्हणाली.

अंगठा हलला नाही.

"ऱ्हाऊंदे. दोन."