प्रश्न चौदावा

मुलींना सुईणपण शिकवण्यात बाईंची सत्तावीस वर्षं गेली होती, आणि सत्तावीस वर्षं त्या एकच गोष्ट सांगत आल्या होत्या. पहिल्या तपासणीपासून बाळंतपणानंतरच्या सहाव्या आठवड्यापर्यंत सुईण एकच हवी. माणूस बदललं की सांगितलेलं वाटेत सांडतं. विद्यार्थिनी पाठीमागे त्यांना 'एकसुईणबाई' म्हणत. बाईंना ते माहीत होतं, आणि मनातून आवडतही होतं.

आता ते एका अभ्यासातून, आकड्यांनी सिद्ध करायचं होतं. चारशे गरोदर बायका; निम्म्यांना एकच सुईण, निम्म्यांना नेहमीसारखी, म्हणजे त्या दिवशी जी ड्युटीवर असेल ती. कोणाच्या वाट्याला काय, ते बंद पाकीट ठरवणार. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी प्रत्येकीने बाईंची प्रश्नावली भरायची. फरक दिसला की विभागप्रमुखाची खुर्ची बाईंचीच. शेवटी शेवटी बायका कमी पडू लागल्या, तेव्हा बाईंनी सुनेला गळ घातली.

"घरात गरोदर बाई असताना मी दारोदार फिरू का?"

सून भाबडी. सासू एवढी मोठी, म्हणजे आपल्याला हक्काची सुईण मिळणार, असं धरून चालली. पाकीट फोडलं, नंबर दोनशे बारा, आत 'नेहमीसारखी'.

"आई, बदलून द्या ना. कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल," बाई म्हणाल्या. स्वतःचं हे उत्तर त्यांना इतकं आवडलं, की दुसऱ्या दिवशी वर्गातही ऐकवलं.

आठव्या महिन्यात एका सकाळी सून म्हणाली, "आई, बाळ कालपासून कमी हलतंय."

बाईंचा हात सवयीने तिच्या पोटाकडे गेला आणि अर्ध्यातून मागे आला. घरच्या सुईणीने तपासलं की नंबर दोनशे बारा अभ्यासातून बाद.

"दवाखान्यात सांग. ड्युटीवर असेल तिला."

सोमवारी तिने सांगितलं. सुईणीने ठोके ऐकले आणि लिहिलं, 'लक्ष ठेवा.' बुधवारी दुसरी होती. तिच्या लेखी ही पहिलीच तक्रार, म्हणून तिनेही तेच लिहिलं. शुक्रवारी तिसरी. तोवर सुनेलाच लाज वाटू लागली होती. "माझंच काहीतरी असेल," असं हसून सांगून ती घरी आली.

संध्याकाळी फाईल टेबलावर पडली होती. तीन वेगवेगळ्या हस्ताक्षरांतल्या तीन नोंदी बाईंनी एकाखाली एक वाचल्या. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीलाही कळलं असतं. बाईंना तर कळलंच.

"सोमवारी परत तपासणी आहेच," त्या म्हणाल्या आणि फाईल मिटली.

सोमवारी ठोके नव्हते.

कळा दुपारी सुरू झाल्या. सुनेने आतून निरोप पाठवला, आईंना आत बोलवा. बाईंच्या मुलाने तो सांगितला, मग हात जोडून परत सांगितला. बाई बाहेरच दाराला टेकून उभ्या राहिल्या. प्रसूतीच्या वेळी ओळखीचं माणूस सोबत होतं का, हा त्यांच्याच प्रश्नावलीतला चौदावा प्रश्न होता.

सून माहेरी गेली. सहा आठवड्यांनी मुलाने तिची प्रश्नावली बाईंच्या ऑफिसात आणून दिली. बस म्हटलं तरी बसला नाही.

आकडेवारी सांभाळणारा सहकारी समोरच होता. "मॅडम, हिने हो-नाहीवर खूणच केली नाही. खाली लिहिलंय, 'होत्या. दाराबाहेर उभ्या होत्या.' काय धरू? रद्द करू म्हटलं तर फरकच उरत नाही. या एकीमुळेच तर निकाल लागतोय."

मुलगा ऐकत होता. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

"नाही धरा," त्या म्हणाल्या. "ओळखीचं कुणी नव्हतं."

"खरंय," मुलगा म्हणाला, आणि जाताना त्याने घराची किल्ली टेबलावर ठेवली.