दहा लाख एकोणचाळीस

रविवारी दुपारी बाबा वही घेऊन माझ्यासमोर बसले.

"यशो, झालं. दहा लाख एकोणचाळीस. मूळ संख्या आहे."

फॅक्टरीतून रिटायर झाल्यापासून त्यांना हा नाद होता. मोठी संख्या घ्यायची आणि तिला कशाने भाग जातो का, ते हाताने तपासायचं. या वेळी हजाराच्या आतल्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहायचं होतं. १६८ भागाकार. त्यांना दोन महिने लागले.

"मोबाईलवर एका मिनिटात झालं असतं," मी म्हणाले. "काहून एवढं करून राहिले?"

"मोबाईलले विचारलं तर मोबाईलले समजते. मले काय समजते? चलो, आता त्याचीही परीक्षा होऊन जाऊ दे."

मी संख्या टाकली. "नाही बाबा. भाग जातो हिला."

मी पुढे सांगणार, तोच त्यांनी हात वर केला.

"कशाने ते सांगू नको. मी शोधतो. म्हातारा झालो ना, कुठंतरी बाकी चुकली असन."

सोमवारी सकाळी मी चहा घेऊन गेले, तर ते टेबलावर डोकं टेकून होते. मी दोनदा हाक मारली. कप हातात धरून तशीच उभी राहिले. शेवटी आईने तो माझ्या हातातून काढून घेतला.

डॉक्टरांनी विचारलं, "कुछ टेन्शन था क्या?"

"नही जी," आई म्हणाली. "टेन्शन कायचं?"

बाबा गेल्यानंतरचा पुण्यानुमोदनाचा विधी झाला, कांचघर मोहल्ल्यातल्या आमच्या घरातून पाहुणे गेले. मग मी वही उघडली. कोऱ्या पानावर त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली होती. तीन, सात, अकरा. मोबाईलने मला ३५३ सांगितलं होतं, माझ्या हिंदी शाळेतलं तीन सौ तिरपन. ते तिथवर पोचले होते का, एवढंच मला पाहायचं होतं.

पोचले होते. पुढे गेले होते, चारशे एकपर्यंत. ३५३ समोर लिहिलं होतं : बाकी ३४३.

चुकले, असं मला वाटलं. मोबाईलमधली संख्या कागदावर उतरवून मी स्वतः भागलं. बाकी शून्य. मग त्यांच्या पानाचा माथा पाहिला.

तिथे १०,००,०३९ होतं. माझ्या कागदावर १०,००,०४९.

एकोणचाळीस. मी चाळीस ऐकलं आणि त्यात नऊ मिळवले होते.

त्यांची संख्या टाकली. मूळ. त्यांची एकही बाकी चुकली नव्हती. नसलेली चूक ते रविवारी रात्रभर शोधत बसले होते.

"काय झालं वं?" आईने दारातून विचारलं.

मी तिच्याकडे पाहिलं नाही. वहीवर हात ठेवला आणि मोठ्याने म्हणाले, "बाबा, मले मराठी आकडे येत नाहीत. लहानपणापासून येत नाहीत. तुम्ही सांगायचे, मी मान हलवायची."